सही, संख्या आणि स्मरण
चित्राखालच्या पांढऱ्या समासात डावीकडे शिसपेन्सिलीने लिहिलेला एक अपूर्णांक, उजवीकडे चित्रकाराची सही आणि वरच्या चौकटीत ओसरीवर सागरगोटे खेळणाऱ्या दोन मुली, मागे तुळशीवृंदावन, कडेला झोपलेले मांजर : अशा स्वरूपाची छापचित्रे विकत घेऊन त्यांचा संग्रह करणारा एक वर्ग गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातही दिसू लागला आहे. या चित्रांचे विषय बहुधा ठरलेले असतात. विटीदांडू, भोवरा, आंब्याखालची दुपार, बैलगाडीतून आजोळी निघालेली भावंडे, पंचमीचा झोका, पाटी-दप्तर घेऊन शाळेच्या पायरीवर बसलेला मुलगा. चित्रकलेचा समीक्षक या चित्रांकडे गोडगोड म्हणून पाठ फिरवितो आणि समाजशास्त्राचा अभ्यासक ती किरकोळ म्हणून सोडून देतो. परिणामी त्यांच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक विक्रेत्यांनीच लिहिलेले असते. वस्तुतः या संग्रहामागे एक खरा पेच दडलेला आहे. ज्या आठवणी साऱ्यांच्या म्हणून या चित्रांतून रंगविल्या जातात, त्याच आठवणी मोजक्या प्रतींत बांधून, आकडा घालून, सही करून थोड्यांच्या हाती दिल्या जातात. जे सामाईक आहे ते दुर्मिळ कसे व्हावे, आणि दुर्मिळ झाल्यावर ते सामाईक कितपत उरते, हा तो पेच होय.

प्रथम आकड्याचा आणि सहीचा अर्थ पाहिला पाहिजे, कारण संग्राहकांत या बाबतीत बराच घोटाळा आढळतो. समासातील अपूर्णांकात खालची संख्या एकंदर प्रतींची व वरची त्या विशिष्ट प्रतीची असते. ही प्रथा फार जुनी नाही. रेम्ब्रांटने आपल्या ताम्रपटांवरून किती प्रती काढल्या हे त्याने कधी समासात लिहून ठेवले नाही. पेन्सिलीने सही करण्याची रीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुख्यतः व्हिस्लर आणि त्याचा नातेवाईक सेमूर हेडन यांच्या हातून. आरंभी संख्येला एक भौतिक आधार होता. ताम्रपटावर सुईने ओरखडून काढलेली रेषा दाबयंत्राखाली हळूहळू झिजते, तिच्या काठावरची तांब्याची बारीक कड मोडते आणि काही डझन प्रतींनंतर चित्राचा मखमली काळेपणा जातो. तेथे पहिली प्रत आणि पन्नासावी प्रत यांत खरोखर फरक असे. पुढे तांब्यावर पोलादाचा मुलामा चढविण्याची युक्ती निघाली, शिळाछापाचा दगड तर फारसा झिजतच नाही, आणि संगणकावरून शाई फवारणाऱ्या यंत्राला झीज ठाऊकच नाही. म्हणजे पूर्वी धातूने घातलेली मर्यादा आता केवळ वचनाने घातली जाते. दगड आणखी हजार प्रती देऊ शकतो. चित्रकार देणार नाही, एवढेच त्या अपूर्णांकाचे म्हणणे.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. शिवकालीन पत्रांच्या आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटत असे. मोर्तबेचे काम लेखनसीमा आखण्याचे. तिच्या खाली कोणी पदरचा मजकूर घालू नये म्हणून ती असे, आणि शिवाजी महाराजांच्या मोर्तबेत ‘मर्यादा’ हा शब्दच कोरलेला आहे. छापचित्राचा आकडा हीदेखील एक मोर्तबच होय. फरक इतकाच की राजपत्रावरील मोर्तब अधिकाराच्या बळावर पाळली जाई. छापचित्रावरची पाळली जाते ती बाजाराच्या विश्वासावर, आणि तो विश्वास वेळोवेळी ढळलेला आहे. 1974 साली फ्रान्समधील जकात अधिकाऱ्यांना अंडोराकडे जाणाऱ्या एका मालमोटारीत साल्वादोर दालीच्या सह्या असलेले हजारो कोरे कागद सापडले. चित्र अजून छापलेच नव्हते. सही मात्र तयार होती. सहीच जेव्हा विकली जाते तेव्हा चित्र कसे उपरे ठरते, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

1960 साली व्हिएन्ना येथे भरलेल्या दृश्यकलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अस्सल छापचित्राची व्याख्या केली. प्रतींची संख्या ठरविण्याचा अधिकार कलावंताचा. प्रत्येक प्रतीवर त्याची सही व क्रमांक असावा. आवृत्ती पुरी झाल्यावर मूळ पट रद्द करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो पट, दगड किंवा जाळी कलावंताने स्वतः, छपाईच्याच हेतूने घडविलेली असावी. कॅनव्हासवर आधीच पुऱ्या झालेल्या चित्राची छायाचित्रणाने काढलेली नक्कल या व्याख्येत बसत नाही, मग तिच्यावर कितीही सह्या असोत. बालपणाच्या दृश्यांची म्हणून जी छापचित्रे विकली जातात त्यांतील मोठा भाग या दुसऱ्या जातीचा असतो. मूळ चित्र जलरंगात वा ॲक्रिलिकमध्ये केलेले. त्याचे छायांकन करून शाई-फवाऱ्याच्या यंत्रावर प्रती काढलेल्या. या छपाईला 1991 मध्ये लॉस एंजेलिसकडील जॅक ड्युगन याने ‘जिक्ले’ असे फ्रेंच वळणाचे भारदस्त नाव दिले. कागद उत्तम असतो, रंग टिकाऊ असतात, प्रत डोळ्यांना सुखद असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यावर कलावंताच्या हाताने उमटलेले असे काय आहे, असे विचारले तर उत्तर एकच : सही आणि आकडा. संग्राहक जे हाताचे म्हणून घेतो ते चित्राच्या चौकटीबाहेर, समासात असते.

आता महाराष्ट्रातील परंपरेकडे वळले म्हणजे एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. येथे घरोघरी चित्र पोचविले ते अमर्याद आवृत्तींनी. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, आणि शिळाछापाची देवदेवतांची व मराठेशाहीतील पुरुषांची चित्रे तिने दूरवर नेली. 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत उभा राहिला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे त्यातून बाहेर पडलेले पहिले छापचित्र मानले जाते. प्लेगच्या दिवसांत, 1899 मध्ये, हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि 1972 मधील आगीत त्याचा मोठा ठेवा नष्ट झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक चढणारे दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक थर, वर तैलचित्राचा भास देणारे रोगण : या तंत्राचा सारा उद्देश प्रती वाढविण्याचा होता. ‘मर्यादित’ या शब्दाचा या छापखान्याला उपयोग नव्हता. एका देवघरात जी लक्ष्मी, तीच शेजारच्या देवघरात असावी, याच हेतूने ती छापली जात होती.

तथापि या चित्रांचे पुढे घराघरांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीच्या वा सरस्वतीच्या छापील लुगड्यावर घरच्या बायकांनी जर टाचली, टिकल्या लावल्या, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटविले, मुकुटावर मणी बसविले. काचेच्या आत दागिन्यांनी मढलेली अशी ऑलिओग्राफ आज संग्राहकांच्या विशेष आवडीची आहेत. ज्यांना हा साजशृंगार लाभला नाही त्यांच्या काचेवर हळदकुंकवाची बोटे उमटली, उदबत्तीच्या धुराने वरची कड पिवळी पडली. लाखोंतील एक म्हणून आलेली प्रत अशा रीतीने त्या घराची एकमेव प्रत होऊन बसली. तिला क्रमांक नव्हता. तो तिला घराने दिला. सहीच्या छापचित्रात याच्या नेमके उलट घडते. प्रत मुळातच क्रमांकित, म्हणून ‘एकमेव’ येते, आणि ते एकमेवपण टिकावे म्हणून तिला कोणी हात लावावयाचा नसतो. आम्लमुक्त पुठ्ठा, अतिनील किरण अडविणारी काच, मागे प्रमाणपत्राचे पाकीट. तिच्यावर हळदकुंकवाचे बोट लागले तर किंमत उतरते. बालपणाचे चित्र लहान मुलाचा हात लागू नये म्हणून उंच टांगावे लागते, यातील विसंगती संग्राहकाच्या सहसा ध्यानी येत नाही. तिच्याविषयी कोणी विनोद केल्याचेही आढळत नाही.

येथे असा प्रश्न उपस्थित होईल की, जुन्या छापील चित्रांत बालपण होते काय? होते, पण ते बहुशः कृष्णाचे होते. रांगणारा, लोणी खाणारा, यशोदेच्या मांडीवरचा बाळकृष्ण हे मराठी घरातील बालपणाचे पहिले आणि दीर्घकाळ एकमेव चित्र. त्या चित्राकडे पाहणाऱ्या बाईला आपले गेलेले बालपण आठवत नसे. तिला आपले मूल दिसे, किंवा व्हावयाचे मूल दिसे. चित्राचा काळ वर्तमान वा भविष्य होता, भूतकाळ नव्हता. लौकिक बालपणाची चित्रे त्यामानाने थोडी. रविवर्म्याने 1893 मध्ये आपली मुलगी आणि तिचे तान्हे मूल यांना समोर ठेवून केलेले, येणाऱ्या पित्याची वाट पाहणाऱ्या मातेचे चित्र प्रसिद्ध आहे; त्याचाही रोख येणाऱ्याकडे आहे, गेलेल्याकडे नाही. इंग्लंडात या सुमारास चित्र निराळे होते. जॉन मिलेचे ‘चेरी राइप’ हे लहान मुलीचे चित्र ‘ग्राफिक’ साप्ताहिकाच्या 1880 च्या नाताळ अंकाबरोबर लक्षावधी घरांत गेले, आणि त्याच चित्रकाराने आपल्या नातवाला समोर बसवून 1886 मध्ये केलेले फुगे उडविणारे पोर पुढे साबणाच्या जाहिरातीवर आले. कारखान्यांच्या धुरात वाढलेल्या समाजाला खेड्यातील निरागस मूल हवे होते. स्मरणरंजनाची भूक ही स्थलांतराच्या पाठोपाठ येते. ज्या समाजाचे घर अजून सुटलेले नाही त्याला घराचे चित्र भिंतीवर लावण्याची निकड भासत नाही.

या दृष्टीने मलकापूरचे उदाहरण उद्बोधक आहे. बुलढाण्याचे किंवा शाहूवाडीचे मलकापूर नव्हे. कऱ्हाडला लागून, आगाशिवाच्या डोंगराखाली, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोहों बाजूंस पसरलेले मलकापूर. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा हा पट्टा. येथे रुग्णालय व वैद्यक महाविद्यालय उभे राहिले, शिक्षणसंस्था आल्या, महामार्ग रुंदावला आणि उसाच्या शेतांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. पाटण, खटाव, माण, वाळवे या तालुक्यांतील गावे सोडून नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबांना अशा ठिकाणी पहिली स्वतःची, पांढरीशुभ्र, खिळा न मारलेली भिंत मिळते. जुन्या घराच्या भिंतीवर चित्र लावावयाचे म्हटले तर आधी तेथे चुलीचा धूर, शेणामातीचा पोपडा आणि देवाचा कोनाडा यांची वस्ती असे. नव्या भिंतीवर कशाचीच नसते. स्मरणचित्राचा खरा निवारा ही नवी भिंत होय. ते चित्र ज्या वाड्याचे असते त्या वाड्यात ते कधी लागलेच नसते.

गंमत अशी की मलकापूरच्या संग्राहकाला जे मुंबईच्या दालनातून मागवावेसे वाटते, त्याहून कितीतरी समृद्ध चित्रसंपत्ती त्याच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणातील प्रसंग रंगविले व 1916 मध्ये ‘चित्ररामायण’ छापून प्रसिद्ध केले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी त्यांनी मोठे द्रव्य दिले. औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूरचे ‘आई व मूल’ हे दगडी शिल्पही आहे. हे शेवटचे नाव सातारा जिल्ह्यातील एका डोंगरावर अनपेक्षित वाटते, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. मूरच्या शिल्पात आई आहे, मूल आहे, आणि गोडवा औषधालाही नाही. दगडाच्या वजनातून दोन देहांचा संबंध तेवढा उभा राहतो. बालपणाचा विषय स्मरणरंजनावाचूनही हाताळता येतो, याचे ते घरचेच उदाहरण.

याच औंध संस्थानात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईस चित्रकला शिकावयास गेले होते, आणि काही रंग ओळखू न येण्याच्या दृष्टिदोषामुळे त्यांना ती वाट सोडावी लागली. रंग न दिसलेल्या माणसाच्या गावातून पुढे ‘किर्लोस्कर’ (1920), ‘स्त्री’ (1930) आणि ‘मनोहर’ (1934) ही सचित्र मासिके निघावीत, हा योगायोग मौजेचा आहे. मासिकाचे मुखपृष्ठ हे मध्यमवर्गाचे पहिले धर्मनिरपेक्ष भित्तिचित्र म्हणावे लागेल. ते कापून काढावयाचे, पुठ्ठ्यावर डकवावयाचे आणि पुढचा अंक आला की बदलावयाचे. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांचेही पुढे हेच झाले. त्या कातरणांना आज जी किंमत येते ती त्यांच्या मर्यादित संख्येमुळे नव्हे. ती मोठ्या संख्येने छापली गेली आणि मोठ्या संख्येनेच रद्दीत गेली. उरली ती थोडी. दुर्मिळतेचे हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. एक आधी ठरवून घडविलेली, दुसरी वापराने घडलेली. पहिली चित्रकाराच्या निश्चयाची साक्ष देते, दुसरी लोकांच्या प्रेमाची आणि बेफिकिरीचीही.

साताऱ्याशी निगडित असे आणखी एक प्रकरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्यासमवेत मराठ्यांचा इतिहास लिहिणारे सी. ए. किंकेड यांनी 1914 मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे पुस्तक काढले. श्रावणातल्या वारांच्या व व्रतांच्या मराठी कहाण्या त्यांनी इंग्रजीत सांगितल्या आणि चित्रे काढली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांनी. कहाणी ही मराठी मुलाने आईच्या शेजारी, हातात अक्षता धरून ऐकावयाची गोष्ट. तिला ‘नर्सरी’ हे विलायती बालकमंदिराचे नाव मिळाले आणि धुरंधरांच्या कुंचल्याने तिला साहेबाच्या पोरांसाठी दृश्यरूप दिले. स्वतःच्या बालपणाकडे परक्याच्या खिडकीतून पाहण्याची ही सुरुवात होय असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. धुरंधर मात्र लुगड्याचा काठ, पाट, समई, नथ यांबाबत इतके काटेकोर आहेत की त्यांची चित्रे स्मरणरंजनात विरघळत नाहीत. कोणत्या घरची बाई, कोणत्या जातीची, कोणत्या प्रसंगाची, हे त्यांच्या रेषेवरून सांगता येते. पुढील पिढ्यांच्या स्मरणचित्रकारांनी धुरंधरांचा विषय उचलला आणि काटेकोरपणा टाकून दिला.

हाच आक्षेपाचा मुख्य मुद्दा आहे. सहीच्या छापचित्रांतील बालपण कोणाचेच नसते. वाडा कोकणी की देशावरचा, हे कौलावरून कळत नाही. मुलीचा परकर कोणत्या दशकातला, हे सांगता येत नाही. झाड आंब्याचे आहे की नुसतेच हिरवे, याविषयी शंका राहते. हा दोष अनवधानाचा नव्हे, हिशेबाचा आहे. आवृत्तीतील प्रत्येक प्रत वेगवेगळ्या घरांत खपावयाची, तर दृश्यात कोणालाही अडेल असा तपशील ठेवून चालत नाही. प्रत्येकाला ‘हे आमचेच’ वाटावे म्हणून चित्रातून सर्व विशेष धुऊन काढले जातात. आणि धुताना केवळ तपशील जात नाहीत. भूक जाते, पंतोजीची छडी जाते, देवीचे व्रण जातात, आणि पाणवठा कोणाचा हा प्रश्नही जातो.

औंध संस्थानातील आटपाडीचा परिसर या बाबतीत कसोटीसारखा वापरता येईल. व्यंकटेश माडगूळकर (1927–2001) माडगुळ्याचे. ‘माणदेशी माणसं’ (1949) आणि ‘बनगरवाडी’ (1955) या पुस्तकांतून त्यांनी जो मुलूख उभा केला तो त्यांच्या बालपणाचाच मुलूख. ते स्वतः रेखाटने काढीत, आणि त्यांच्या गद्यातही चित्रकाराची नजर आहे : थोडक्या रेषा, मोकळा कागद, सावली कोठे पडली त्याची नोंद. बनगरवाडीची शाळा आहे, पण ती दुष्काळात ओस पडणाऱ्या गावाची शाळा आहे. तेथे मेंढरे मरतात आणि माणसे उठून जातात. शंकरराव खरात आटपाडीचेच, जन्म 1921 चा. ‘तराळ-अंतराळ’ (1981) या आत्मचरित्रात त्यांनी जे बालपण सांगितले ते त्याच मुलखाचे, त्याच राजाच्या अमलातील. परंतु महारवाड्यातून पाहिलेले आणि बापाच्या तराळकीच्या काठीच्या आवाजाने भरलेले. मलकापूरपासून फार दूर नसलेल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (जन्म 1920) यांचे बालपण तर गाव सोडून कुटुंबासह पायी मुंबई गाठण्यात गेले. या तिघांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. त्या जुळत नाहीत म्हणूनच त्या आठवणी आहेत. एकाच मुलखातील ही तीन बालपणे शेजारी ठेवली की, ओसरीवर सागरगोटे खेळणाऱ्या त्या दोन मुलींच्या चित्रात नेमके काय गाळले आहे याची यादी आपोआप तयार होते. ओसरीच्या पायरीपर्यंत कोणाला येता येत होते आणि अंगणाबाहेर कोणाला थांबावे लागत होते, हे त्या चित्राला माहीत नाही, आणि ते माहीत नसणे हीच त्याची विक्रीयोग्यता.

याला संग्राहकाचे उत्तर आहे, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. तो म्हणेल की दुःखाची नोंद साहित्याने केलीच आहे; दमून घरी आलेल्या माणसाने भिंतीवर काय लावावे हे समीक्षकाने सांगू नये. गोड आठवण ही खोटी आठवण असते असा काही नियम नाही. सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’त (1935) गोडवा भरपूर आहे आणि तरीही ते पुस्तक खोटे नाही. हे सारे मान्य करता येते. परंतु ‘श्यामची आई’तील गोडवा कर्जाच्या, जप्तीच्या आणि मरणाच्या कडेला उभा आहे, म्हणून तो टिकतो. आक्षेप गोडव्याला नाही, गोडव्याभोवतीची जागा रिकामी करण्याला आहे. शिवाय संग्राहकाच्या या उत्तराने सहीचा आणि संख्येचा उलगडा होत नाही. विसावाच हवा तर दिनदर्शिकेवरचे चित्र तो तितकाच देते. रघुवीर मुळगावकरांची चित्रे वर्षानुवर्षे घरोघर लागली ती कोणत्याही प्रमाणपत्रावाचून. मग आकडा कशासाठी?

आकडा हा आठवणीच्या खरेपणाचा दाखला म्हणून घेतला जातो, असे उत्तर संभवते. स्वतःचे घर विकले गेले, विहीर बुजली, आजी गेली. या गोष्टी होत्या याला आता पुरावा उरला नाही. अशा वेळी एका अनोळखी चित्रकाराने स्वहस्ते सही करून दिलेले ओसरीचे चित्र हे एखाद्या उताऱ्यासारखे काम करते. भिंतीवरचा तो सातबाराच होय. जमीन गेली तरी उतारा जपून ठेवण्याची वृत्ती या मुलखात नवी नाही. या अर्थाने पाहिले तर संग्राहकाची फसवणूक होते ती किमतीत नव्हे. उताऱ्यावरचे नाव त्याचे नसते, एवढ्यातच.

म्हणून या छापचित्रांचा निवाडा सरसकट करता येणार नाही. ज्या चित्रकाराने स्वतः दगड वा ताम्रपट घडविला, ज्याच्या दृश्यात एक विशिष्ट गाव, विशिष्ट उंबरा आणि विशिष्ट प्रहर आहे, त्याची मोजकी आवृत्ती ही खरी कलाकृती आहे. तिथे मर्यादा हाताच्या श्रमातून येते. छायाचित्राने वाढविलेल्या नकलेवरची सही ही मात्र स्वाक्षरी-संग्रहाच्या वहीत शोभेल. या दोहोंच्या मधे बराच माल असतो, आणि त्याची पारख करावयाची तर समास झाकून चित्र पाहण्याचा साधा उपाय पुरेसा आहे. आकडा आणि सही झाकल्यावर भिंतीवर जे उरते ते पाहत राहावेसे वाटते काय? धुरंधरांचे साधे छापील पोस्टकार्ड या परीक्षेत उतरते. हौसेने घेतलेल्या कित्येक भारी प्रती उतरत नाहीत.

विद्यापीठीय अभ्यासकांसाठी येथे एक काम वाट पाहत आहे. सातारा-सांगलीच्या घरांतून जरीने मढविलेली ऑलिओग्राफ, चित्रशाळेची रामपंचायतने आणि ‘किर्लोस्कर’ची डकवलेली मुखपृष्ठे अद्यापि निघतात, घरे पाडली जात असल्याने ती निघण्याचा वेग वाढला आहे. ती दालनात जातात तेव्हा आधी स्वच्छ केली जातात. काचेवरचे कुंकू पुसले जाते, मागचा वर्तमानपत्राचा कागद सोलून काढला जातो, जुनी चौकट फेकली जाते. त्या कागदावर कधी तारीख असते, कधी चौकट करून देणाऱ्या दुकानाचा शिक्का असतो, कधी पोराने पेन्सिलीने गिरविलेले स्वतःचे नाव असते. हा मागचा कागद काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि चित्र कोणत्या गावच्या, कोणत्या खोलीतल्या, कोणत्या भिंतीवर होते एवढे तरी टिपून ठेवावे.